आजी जेवली होती

चार वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी आजीचा फोन आला. ती कराडजवळच्या आमच्या गावी काका-काकीकडं राहते. मी पुण्यात, एका सॉफ्टवेअर कंपनीत. आवाज बारीक करून ती म्हणाली, "सकाळपासनं पोटात कायबी न्हाई बघ. च्यासुदीक दिला न्हाई हिनं."

'हिनं' म्हणजे काकीनं. माझं डोकंच फिरलं. काकाला फोन लावला आणि म्हणालो, "आजीकडं बघणं होत नसेल तर तसं सांग, आम्ही तिला पुण्याला आणतो." काकाचा फोन स्पीकरवर होता आणि काकी तिथंच बसून शेंगा फोडत होती, हे मला फार नंतर कळलं. ती एक शब्द बोलली नाही.

आजीला आम्ही खरंच पुण्याला आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्यासमोर बसून दीड पोळी, मेथीची भाजी आणि वरण-भात खाल्ला. आईनं ताट घासायला टाकलं. अर्ध्या तासानं आजी शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवून सांगत होती, "दोन दिस झालं, ही लोकं मला उपाशी ठिवत्यात." शेजारच्या काकूंनी दारातूनच माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण काकीला मी फोनवरून नेमकं काय केलं होतं ते मला त्या नजरेत समजलं.

पुढं काही महिन्यांनी एका न्यूरॉलॉजिस्टनं कागदावर 'अल्झायमर्स डिमेन्शिया' असं लिहून दिलं. त्याआधी तीन वर्षं गावाकडचे डॉक्टर "वय झालंय, चालायचंच" म्हणत होते आणि नातेवाईक काकीकडं बघत होते.

प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की आम्ही लोक आधी एक गोष्ट करतो: ही ओळ कधी लिहिली गेली, कुणी लिहिली, त्याआधी तिथं काय होतं, हे मागं मागं जाऊन बघतो. आजीच्या आजाराच्या बाबतीतही मी तेच करत बसलो. त्यात मला मेंदूचा इतिहास सापडेल असं वाटलं होतं. तो सापडलाच, पण त्याच्या आत आणखी एक इतिहास होता. माणूस विसरायला लागला की दोष कुणाला द्यायचा, याचा.

आपल्याकडचे शब्द

सुरुवात घरातूनच करू. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. वय झालं की बुद्धी पळणारच, असा तिचा हिशोब. म्हणजे कुणाचाच दोष नाही, पण मग कुणी काही करायचंही कारण नाही.

दुसरा शब्द 'म्हातारचळ'. हा जास्त बोचरा आहे. चळ लागतो तो माणसाला, त्यामुळं दोष त्या म्हाताऱ्याचाच. असल्या माणसाला हसता येतं, दटावता येतं.

आता डॉक्टर आणि वर्तमानपत्रं वापरतात तो शब्द 'स्मृतिभ्रंश'. हा तरी स्वच्छ, वैद्यकीय शब्द असेल असं मला वाटायचं. पण तो भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि तिथं तो एका साखळीतली कडी म्हणून येतो. विषयांचा ध्यास लागला की आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश आणि मग बुद्धिनाश. अर्थात गीतेला तिथं आजाराबद्दल काही सांगायचंच नाही. ते संयम सुटलेल्या माणसाबद्दल आहे. पण आपण आजारासाठी उचललेला शब्दसुद्धा अशा वाक्यातून आलाय, जिथं स्मृती जाण्यामागं माणसाचं चुकलेलं वागणं आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

फ्रँकफर्टची फाइल

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. तिला तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव अलॉइस अल्झायमर.

या दोघांच्या बोलण्याच्या नोंदी अल्झायमरनं हातानं लिहून ठेवल्या होत्या. ती फाइल अनेक दशकं कुणाला सापडत नव्हती. शेवटी १९९५ साली कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती फ्रँकफर्टमध्येच मिळाली. त्यातल्या नोंदी साध्या आहेत. नाव काय, विचारल्यावर ती सांगते, ऑगुस्टे. आडनाव? पुन्हा ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? तिथंही ती आपलंच नाव सांगते. जेवताना तिच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस असतं. काय खातेस, विचारल्यावर म्हणते, पालक.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. १९०७ साली छापलेल्या आपल्या टिपणात अल्झायमर या बाईच्या आजाराचं ठळक दिसलेलं पहिलं लक्षण सांगतो, आणि ते विसरणं नाही. ते आहे नवऱ्याबद्दलचा संशय. मत्सर. विसरणं त्याच्या मागोमाग आलं. मग ती घरातल्या घरात वाट चुकायला लागली, वस्तू इकडून तिकडं नेऊन लपवायला लागली, कुणीतरी आपल्याला मारायला टपलंय असं तिला वाटायला लागलं.

म्हणजे ज्या केसवरून या आजाराला नाव मिळालं, तिची सुरुवातच घरातल्या माणसावरच्या आरोपानं झालेली आहे. कार्लबद्दल त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटलं असेल, याची नोंद कुठल्या फाइलमध्ये असणार? इतकंच कळतं की कारकुनाच्या पगारात रुग्णालयाचा खर्च त्याला जड जात होता आणि तिला स्वस्तातल्या ठिकाणी हलवता येईल का, याची खटपट तो करत होता.

८ एप्रिल १९०६ ला ऑगुस्टे गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेला होता. तिची कागदपत्रं आणि मेंदू त्यानं तिकडं मागवून घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला मेंदूच्या पेशींत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी आणि पेशींच्या बाहेर साचलेल्या गुठळ्या दिसल्या. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगन गावात मानसोपचारतज्ज्ञांच्या सभेत त्यानं हे मांडलं. त्यावर कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

कार्लवरचा संशय कार्लमुळं नव्हता आणि ऑगुस्टेच्या स्वभावामुळंही नव्हता, याचा पुरावा त्या काचपट्टीवर होता. तो सामान्य घरांपर्यंत पोचायला मात्र आणखी सत्तर वर्षं लागली.

पासष्टीची रेघ

ती का लागली, याचं उत्तर जरा विचित्र आहे. म्युनिकमध्ये अल्झायमरचा वरिष्ठ होता एमिल क्रेपेलिन, त्या काळातला मोठा मानसोपचारतज्ज्ञ. १९१० साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यानं 'अल्झायमरचा आजार' हे नाव वापरलं. पण ऑगुस्टे पन्नाशीतली होती, म्हणून हा आजार म्हातारपणाआधीचा, दुर्मीळ प्रकार मानला गेला. पुढं वैद्यकशास्त्रात एक रेघच पडली. साधारण पासष्टीच्या आत बुद्धी जायला लागली तर तो अल्झायमर. त्यानंतर गेली तर ते 'सेनाइल डिमेन्शिया', म्हणजे वार्धक्याचा भाग.

आपल्या शब्दांत सांगायचं तर पन्नाशीत आजार आणि सत्तरीत साठी बुद्धी नाठी. आमच्या गावच्या डॉक्टरांचं "वय झालंय" हे काही अडाणीपणाचं वाक्य नव्हतं. जगभरची पाठ्यपुस्तकं अर्धं शतक तेच सांगत होती.

ही रेघ पुसायला सुरुवात झाली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये. १९६८ साली गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि मार्टिन रॉथ यांनी म्हाताऱ्या माणसांचं जिवंतपणीचं वागणं आणि मृत्यूनंतर तपासलेले त्यांचे मेंदू यांची सांगड घातली. ज्यांची बुद्धी जास्त ढासळली होती, त्यांच्या मेंदूत त्या गुठळ्याही जास्त होत्या. मग १९७६ साली अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका वैद्यकीय मासिकात छोटंसं संपादकीय लिहिलं. पासष्टीच्या आतला आणि नंतरचा हे दोन वेगळे आजार नाहीत, एकच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. रेघ काढली तर अल्झायमर हा दुर्मीळ आजार उरत नाही, अमेरिकेतल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक ठरतो.

औषध काही सापडलं नव्हतं, फक्त व्याख्या बदलली होती. पण एका व्याख्येनं लाखो म्हाताऱ्या माणसांची अवस्था 'स्वभाव' या खात्यातून 'आजार' या खात्यात आली.

आता घरातली माणसं बोलायला लागली. १९८० साली अमेरिकेत अल्झायमर्स असोसिएशन उभी राहिली, तिच्यात रुग्णांची कुटुंबं पुढं होती. १९८१ मध्ये नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांचं सांभाळणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं. त्याचं नाव 'द थर्टी-सिक्स अवर डे', म्हणजे छत्तीस तासांचा दिवस. सांभाळणाऱ्या बाईला चोवीस तास पुरत नाहीत, असं सरळ मुखपृष्ठावरच लिहिलेलं. पहिल्यांदा ते नाव वाचलं तेव्हा मला काकी आठवली.

कुटुंब वाईट म्हणून

भारतात दोषाची सुई वेगळ्याच दिशेला वळली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी बनारसमध्ये राहून म्हाताऱ्या माणसांच्या 'बिघडलेल्या' बुद्धीचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९९८ साली आलं, 'नो एजिंग इन इंडिया'. त्यातला एक धागा असा: आपल्याकडं एकत्र कुटुंब आहे, सेवा आहे, म्हणून म्हातारपणाचा प्रश्नच नाही, असं आपण स्वतःला सांगतो. मग घरातली म्हातारी बरळायला लागली तर त्याचा अर्थ काय? सेवेत कमी पडलं. म्हणजे कुटुंबच वाईट.

गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेल्या अभ्यासात हे आणखी स्पष्ट दिसतं. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना डिमेन्शियाची लक्षणं असलेल्या माणसाचं वर्णन सांगितलं आणि असं कशामुळं होतं ते विचारलं. असं माणूस लोकांनी ओळखलं. पण तो आजार आहे, असं फारसं कुणाला वाटलं नाही. वयाचा भाग, असं काहींचं उत्तर. आणि दुसरं उत्तर: मुलांनी हेळसांड केली, छळलं, माया लावली नाही, म्हणून.

हे मी वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझ्याकडं इंजिनिअरिंगची डिग्री होती, हातात इंटरनेट होतं, आणि मी काकीला फोनवर नेमकं तेच उत्तर दिलं होतं.

केरळात के. एस. शाजी आणि सहकाऱ्यांनी सांभाळणाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २००३ साली आला. सांभाळणाऱ्यांत बहुतेक बायका. आणि आजाऱ्याचं वागणं घरच्यांना अनेकदा मुद्दाम केलेलं वाटायचं. म्हणजे दोष दोन्हीकडून फिरत राहतो. बाहेरचे सुनेला नावं ठेवतात आणि थकलेली सून म्हातारीला. मधल्या मेंदूकडं कुणाचंच लक्ष जात नाही.

कायदाही याच समजुतीवर उभा आहे. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो. टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांसाठी तो हवाच. पण सांभाळणारी बाई दमली तर तिच्यासाठी त्यात काय आहे, हे मी शोधत राहिलो.

घड्याळ आणि घर

पुण्यात आजीची तपासणी झाली तेव्हा तिला घड्याळ काढायला सांगितलं. आजी चौथीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर तिनं पेन्सिल हातात धरल्याचं मला तरी आठवत नाही. तिनं कागदावर एक गोल काढला आणि शरमून माझ्याकडं पाहिलं. माझ्या मनात आलं, ही आजीची परीक्षा आहे की तिच्या शाळेची?

हा प्रश्न माझ्याआधी पुष्कळांना पडला होता. स्मृती तपासायची जगभर चाललेली प्रश्नावली १९७५ ची, अमेरिकेतली. त्यात शंभरातून सात-सात वजा करायचे असतात, एक वाक्य लिहायचं असतं, कागदावरची सूचना वाचून तसं करायचं असतं. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी काम सुरू केलं तेव्हा समोरची बहुतेक म्हातारी माणसं निरक्षर होती. मग मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ती प्रश्नावली हिंदीत नव्यानं बांधली, १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा. सूचना वाचण्याऐवजी, मी करतोय तसं करा.

ज्या गोष्टी आजीला येणारच नाहीत त्या विचारून तिला आजारी ठरवायचं नाही. आणि ज्या येत होत्या आणि आता येत नाहीत, त्या मात्र निसटू द्यायच्या नाहीत. टेस्ट लिहिणारा कुठलाही इंजिनिअर सांगेल, यापेक्षा अवघड काम नाही.

१९९८ साली कोचीत भरलेल्या एका परिषदेत '१०/६६' नावाचा संशोधक गट स्थापन झाला. हे आकडे त्याचं गाऱ्हाणंच सांगतात: डिमेन्शिया असलेली ६६ टक्के माणसं गरीब आणि मध्यम देशांत, आणि तिथं होतं ते संशोधन १० टक्क्यांहून कमी. आज आपल्याकडं देशभराचा अंदाज आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. यांतल्या बहुतेकांच्या मागं एखादी काकी असणार. तिची मोजणी कुणी करत नाही.

गोव्यातली ८१ घरं

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळचा वाटलेला प्रयोग पुन्हा गोव्यातलाच आहे. जिथं लोकांनी मुलांना दोष दिला होता, तिथलाच. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांसोबत तो केला आणि २००८ साली निष्कर्ष छापले.

त्यांनी कुठलंही नवं औषध आणलं नाही. बारावीपर्यंत शिकलेल्या, आसपासच्या भागातल्या माणसांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं. ही माणसं सहा महिने त्या घरांमध्ये निदान पंधरवड्यातून एकदा जात राहिली. हा आजार आहे, हे ती समजावून सांगत. आजाऱ्यानं आरोप केला, हट्ट केला, रात्री उठून चालू लागला तर काय करायचं, ते बोलत. गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून देत. आणि सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घेत.

निकाल वाचण्यासारखा आहे. आजाऱ्यांच्या त्रासदायक वागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. रोजची कामं करण्याच्या क्षमतेतही नाही. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं आणि त्याच वागण्यामुळं त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. वागणं तेच, पण घाव कमी.

शंभर वर्षांनी एवढंच हातात आलं, असं कुणी म्हणेल. मला ते कमी वाटत नाही. म्हातारी खोटं बोलत नाही आणि सूनही वाईट नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, एवढी जागा त्या नावानं करून दिली. नाव मिळालं म्हणून आजीला अंघोळ घालायचं काम संपत नाही. ते काम कुणी कुणाला शिक्षा म्हणून द्यायचं, हे संपतं.

शेवटी काकी

निदान झाल्यावर मी आधी माझ्या पद्धतीनं उपाय केला. गुगल शीट बनवली. आजीनं किती वाजता काय खाल्लं, त्याची नोंद आणि सोबत फोटो. तिनं तक्रार केली की पुरावा दाखवायचा. पहिल्याच दिवशी मी तिला तिचाच जेवतानाचा फोटो दाखवला. तिनं तो निरखून बघितला आणि म्हणाली, "ही जेवलीया बया. मला कुठं दिलंय?"

आजीला गावाकडं परत न्यायची वेळ आली, कारण पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती रोज 'घरी' जायला निघायची. मी स्वतः सोडायला गेलो. आजी झोपल्यावर मागच्या दारी काकी भांडी घासत होती, तिथं जाऊन बसलो. म्हणालो, "काकी, तेव्हा फोनवर मी जे बोललो ते चुकलं."

ती हात न थांबवता म्हणाली, "तू एकट्यानं बोललास व्हय? समदा गाव बोलला." थोड्या वेळानं म्हणाली, "तू आलास तरी सांगायला."

काकीनं कुठलाही अभ्यास वाचलेला नाही. आजीनं "जेवायला दे" म्हटलं की ती "आत्ताच जेवलात की" असं कधीच म्हणत नाही. म्हणते, "व्हय, टाकते भाकरी. तवर एवढ्या शेंगा फोडून द्या." आजी शेंगा फोडत बसते. त्यातल्या चार तोंडात टाकते. मग विसरते. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तर म्हणाली, "आधी लई भांडले. मग दमले."

आता महिन्यातला एक शनिवार-रविवार मी गावी जातो आणि काकी तिच्या माहेरी जाते. दोनच दिवस. छत्तीस तासांच्या हिशोबानं तर तेवढेही भरत नाहीत. गेल्या महिन्यात ती मला फोन न करता चक्क एक दिवस जास्त राहिली. मला बरं वाटलं.

परवा पुन्हा आजीचा फोन आला. कुणाचा लावलाय हे तिला ठाऊक नव्हतं, पण तक्रार तीच. "सकाळपासनं पोटात कायबी न्हाई बघ."

मी विचारलं, "व्हय? आज काय केलंतं काकीनं?"

"वांगं," आजी म्हणाली. "झणझणीत झालंतं. पर मला दिलं न्हाई."